चौदा महिन्यांचे पितळ

केरू रामजी गमरे याला कामावरून काढल्याचे पत्र मी टाइप केले. तारीख १९ ऑक्टोबर १९८३. पत्रात दोन कारणे दिली होती. कामावर असताना दारूच्या नशेत असणे, आणि पाना मारून यंत्राचा कॉक फोडणे. दोन्ही खोटी होती. तेव्हा मला हे खात्रीने माहीत नव्हते, पण संशय होता. संशय असूनही मी पत्राच्या तीन स्वच्छ प्रती काढल्या आणि हरिशेटपुढे सहीसाठी ठेवल्या.

रत्नागिरीच्या बंदराजवळ आमचा बर्फाचा कारखाना आहे. मालक मुंबईला असतात. इथला कारभार त्यांचे पुतणे हरिश्चंद्र शेट्ये पाहत. कामगार त्यांना हरिशेट म्हणत आणि मला नाना. मी बी.कॉम. झाल्यापासून इथल्या ऑफिसात आहे. यंत्रातले मला फार कळत नाही, तरी इतक्या वर्षांत एवढे कळले की बर्फ अमोनियावर होतो. कॉम्प्रेसर अमोनियाचा वायू दाबतो, दाबलेला वायू थंड होऊन पातळ होतो आणि एका लोखंडी टाकीत साठतो. तिथून तो नळ्यांत फिरतो आणि मिठाच्या पाण्यात बुडवलेले डबे गोठवतो. त्या टाकीवर दाब दाखवणारे घड्याळ आहे. घड्याळाच्या नळीवर अंगठ्याएवढा एक कॉक, म्हणजे नळी बंद करायची तोटी, आहे. ही सगळी हकीकत त्या कॉकची आहे.

केरू त्या यंत्रावर सतरा वर्षे ऑपरेटर होता. लांज्याच्या आतल्या बाजूच्या एका वाडीतला. उंच, हडकुळा, फारसे न बोलणारा. अमोनिया कुठे झिरपत असला तर इतरांच्या नाकाला कळायच्या आधी अर्धा तास त्याला कळे. बर्फ फोडणाऱ्या बायका म्हणत, घड्याळ काढून केरूचं नाकच बसवा टाकीवर. छप्पन साली त्याच्या वडिलांनी, रामजींनी, धम्मदीक्षा घेतली तेव्हा केरू पंधरा वर्षांचा होता. बापाच्या शेजारी उभे राहून त्यानेही प्रतिज्ञा म्हटल्या. दारू न पिण्याची त्यातलीच एक. ती त्याने अशी पाळली की शिमग्यात कोणी पाजायचा आग्रह केला तर तो तिथून उठून जाई. वाडीच्या बुद्धविहाराचा तो सेक्रेटरी होता. महिन्यातून दोन रविवार एसटीने गावी जाऊन विहाराचे काम बघायचा. कारखान्यात तो नोकरी करत होता, पण त्याची खरी पत त्या वाडीत होती.

आता पितळाबद्दल. समुद्रावरच्या हवेत लोखंड टिकत नाही. आमच्याकडे लोखंडी कॉकचे दोन वर्षांत पापुद्रे निघतात. शेट्यांच्या घराण्याच्या पूर्वी होड्या होत्या. होडीवरचे पितळी सामान आज्याने बसवलेले नातू वापरतो, हे हरिशेटनी लहानपणापासून पाहिलेले. बंदरावर कोणालाही विचारा, तो हेच सांगेल की खाऱ्या वाऱ्याला पुरून उरते ते पितळ. म्हणून १९८२ च्या पावसाळ्यात मासेमारी बंद आणि कारखाना दुरुस्तीला काढलेला असताना हरिशेटनी घड्याळाच्या नळीवर लोखंडाऐवजी पितळी कॉक बसवला. हौसेने लिंबू लावून स्वतः पुसला.

केरूने एकदाच विरोध केला. ज्या वस्तादाकडे तो शिकला तो म्हणायचा, अमोनियाजवळ पितळ आणू नये. हरिशेटनी विचारले, का? केरूला सांगता येईना. वस्तादाने कारण सांगितले नव्हते, नुसता नियम सांगितला होता. हरिशेट सगळ्यांदेखत म्हणाले, "वस्ताद काय होडी बांधायचा? बाबा रे, पितळ गंजत नाय. तू तेल घाल, अक्कल मी घालतो." बायका हसल्या. केरू तेलाचा डबा उचलून गेला.

चौदा महिन्यांनी, १७ ऑक्टोबर १९८३ ला, सोमवारी दुपारी तो कॉक उभा चिरला. यंत्रघरात वायू भरला. केरूने ओले पोते तोंडावर धरून मागची झडप बंद केली. मग आत शोधाशोध केली, तर बर्फ फोडणारी सोनूबाई भिंतीपाशी सापडली. तिला ओढत बाहेर आणले आणि नळाखाली धरले. एक डोळा वाचला. दुसऱ्यावर कायमची साय आली.

मुंबईहून मालकांचा फोन आला. फोनवर हरिशेटनी काय सांगितले ते मी माझ्या टेबलाशी बसून ऐकले. पितळाचा उल्लेखही नव्हता. केरू प्यालेला होता, कॉक घट्ट बसला म्हणून त्याने पाना मारला, असे त्यांनी सांगितले. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, पत्र करा.

त्या पत्राची एक प्रत केरूच्या वाडीपर्यंत कशी पोचली मला ठाऊक नाही. पुढच्या रविवारी विहारात बैठक बसली. मी टाइप केलेली वाक्ये तिथे मोठ्याने वाचली गेली. केरू म्हणाला, खोटं आहे. एका म्हाताऱ्याने विचारले, कागदावर शिक्का आहे, तुझ्याकडं काय आहे? केरूकडे काही नव्हते. त्याला सेक्रेटरीपदावरून काढले. रामजी तेव्हा हयात होते. मुलगा विहारातून घरी आल्यावर ते त्याच्याशी बोलले नाहीत, आणि होळीच्या आधी वारले.

हे मला केरूच्या बायकोने, जाईबाईने सांगितले. मी त्याच्या फंडाचे कागद सहीसाठी घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो होतो. ८४ चा मे महिना. केरू तेव्हा आंबेवाल्यांचे डिझेल पंप दुरुस्त करत फिरे. मला वाटले होते तो मला दारातूनच परत पाठवील. त्याने आत बोलावले, पाणी दिले आणि कोनाड्यातून एक चिंधी काढून उलगडली. आत तो चिरलेला कॉक होता. त्या दुपारच्या गडबडीत त्याने तो खिशात घातला होता.

कॉक घेऊन तो कॉलेजात रसायनशास्त्राच्या बेहेरे सरांकडे गेला होता. सरांनी त्याला तासभर बसवून ठेवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली चीर दाखवली. पाना मारल्याची खूण कुठेच नव्हती. फुटलेल्या कडेला निळसर डाग होते आणि चीर सरळ नव्हती. कणाकणांच्या सांध्यांतून वाट काढत ती आत गेली होती.

"सर म्हणाले, पितळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, पण तसं ते नाय," केरू मला सांगू लागला. तो सावकाश, पाठ केल्यासारखे बोलत होता. "गडगा असतो ना, नाना, जांभ्याचे दगड नुसते रचलेले, तसा त्याचा पृष्ठभाग. कुठं पायरी, कुठं काठ, कुठं एखादा दगड कमी. ते दगड म्हणजे अणू. वायूचा एकेक रेणू येऊन बसतो तो आधी काठावरच्या दगडावर. त्याला धरतो, शेजाऱ्यापासनं सोडवतो, तिथनं हलवतो. एक हलला की शेजारचे सरकतात. सगळा माथा नव्यानं रचला जातो, आणि आपल्या डोळ्याला कायच दिसत नाय. अमोनियाला तांबं आवडतं. हवेतला ओलावा मिळाला की तो पितळातलं तांबं उचलून नेतो. आणि जिथं ताण असेल, पिळून बसवलेलं असेल, तिथनं आत शिरतो."

लोखंडाला त्या वायूचे काही वावडे नव्हते. वस्तादाच्या नियमाचे कारण एवढेच होते. सरांनी असेही सांगितले होते की परदेशात आता असे यंत्र निघाले आहे, ज्यात धातूवरचे हे अणू एकेक करून दिसतात. केरूने विचारले, ते यंत्र आमच्या वाडीत आणता येईल का? सर हसले. केरू हसला नव्हता.

मग त्याने मला एक बरणी दाखवली. तळाशी नवसागर आणि चुना, थोडे पाणी. वर दोऱ्याने पितळी पट्ट्या टांगलेल्या. काही सरळ, काही वाकवून तारेने बांधलेल्या. झाकण काढताच माझ्या डोळ्यांतून पाणी आले. तोच अमोनियाचा वास. सरळ पट्ट्या नुसत्या काळवंडल्या होत्या. वाकवलेल्या सगळ्या फुटल्या होत्या. केरूने कितव्या दिवशी कोणती फुटली ते भिंतीवर कोळशाने लिहून ठेवले होते.

जाईबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "लोकांच्या बरणीत लोणचं मुरतं नाना, आमच्याकडं सूड मुरतोय. पोरीच्या सासरचे आले तर काय सांगू, हा कसला वास?"

मी केरूला म्हटले, हे सगळे मालकांना दाखव. तो म्हणाला, आधी माझं ऐका. फुटलेल्या कॉकच्या जागी हरिशेटनी काय बसवले आहे? मला सांगावे लागले की पुन्हा पितळच. आधी बसवलेल्या कॉकचा जोडीदार गोदामात पडून होता. लोखंड बसवले असते तर चूक कबूल केल्यासारखे झाले असते.

"चोवीस ऑक्टोबरला बसवलान," केरू म्हणाला. त्याला तारीख माहीत होती. "पहिला चौदा महिने टिकला. हाही तेवढाच टिकेल. डिसेंबरअखेर. तुमी तेवढे दिवस यंत्रघरात जाऊ नका."

"आणि तू काय करणार?"

"मी कायच करायचं नाय. वायू करतोय."

तो हे शांतपणे म्हणाला. मी म्हटले, आत दुसरी माणसे असतात. बाबल्या असतो, बायका असतात. त्याने बरणीवर झाकण बसवले. मी उठलो. घरी येऊन मी कोणाला काही सांगितले नाही, हे इथे नोंदवतो.

मग डिसेंबरात भोपाळची बातमी आली. पेपरातले फोटो बंदरावर हातोहात फिरले. आमच्या फाटकाशी येऊन लोक विचारू लागले, तुमच्यात पण गॅसच आहे ना? त्या आठवड्यात केरू कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसू लागला. भोपाळने त्याचा राग कमी केला नाही, पण त्याचा हिशोब बदलला. मेलेल्यांच्या फोटोत हरिशेटसारखे कोणी नव्हते, असे तो मला म्हणाला. सगळी सोनूबाईसारखीच होती.

त्याने पहिल्यांदा सोनूबाईला सांगितले. मग तिच्या जोडीच्या बायकांना, एकेकीला, बाजूला घेऊन. मग बाबल्याला. बाबल्या म्हणजे केरूच्या जागी आलेला ऑपरेटर. त्याला केरूने फुटलेल्या पट्ट्या हातात दिल्या आणि मागची झडप कोणत्या क्रमाने बंद करायची, ओले पोते कुठे ठेवायचे, हे तीनदा म्हणवून घेतले. नळी बारीक होती. झडप वेळेत बंद झाली तर वायू यंत्रघराबाहेर फारसा जाणार नव्हता, आत मात्र श्वास घेता येणार नव्हता. मग हमाल, मग रखवालदार, मग बर्फ न्यायला येणारे होडीवाले. आठ-दहा दिवसांत बंदरावरच्या प्रत्येकाला ठाऊक झाले की शेटच्या टाकीवरचे पितळ फुटणार आहे. हरिशेटना सोडून. त्यांना कोणी सांगायचे नाही, असे केरूने कोणालाही बजावले नव्हते. पण कोणी सांगितलेही नाही. प्रत्येकाचे काहीतरी त्यांच्याकडे बाकी होते.

नाताळ गेला, कॉक शाबूत होता. बायका केरूला चिडवू लागल्या. तुझा वायू रजेवर गेलाय का रे, असे विचारत. केरू म्हणे, थंडीत हवा कोरडी असते, त्याला ओल मिळत नाय.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी हरिशेटच्या केबिनमध्ये गेलो. मी सांगितले. पण कसे सांगितले ते लिहायला हवे. मला त्यांचा स्वभाव वीस वर्षे माहीत होता. बेहेरे सरांचे नाव घेतले असते तर त्यांनी कदाचित ऐकले असते. मी सुरुवात अशी केली, "शेट, केरू गमरे म्हणतो की..."

त्यांनी पुढचे ऐकलेच नाही. म्हणाले, "नाना, तुम्ही पण त्या बेवड्याच्या टपरीवर बसता काय? पितळ गंजत नाय. बंदरावर जाऊन बघा." मी बरं म्हणून बाहेर आलो. माझे काम झाले होते. मी सांगितले होते. ते ऐकणार नाहीत हे ठाऊक असलेल्या शब्दांत सांगितले होते.

उलट झाले असे की यंत्रघरात कोणी थांबत नाही, हे हरिशेटच्या लक्षात आले. बाबल्या यंत्र चालू करी आणि बाहेर सुरूच्या सावलीत जाऊन बसे. बायका बर्फाचे डबे दारातून ओढून घेत. हरिशेटनी दोघांचा खाडा मांडला, आणि तरी कोणी आत जाईना, तेव्हा सगळ्यांना लाज वाटावी म्हणून त्यांनी स्वतःची खुर्ची यंत्रघरात टाकली, टाकीपासून चार हातांवर. रोज सकाळी दहा ते बारा तिथे बसून पेपर वाचू लागले. बाहेर वीस-पंचवीस माणसे सावलीत बसून त्यांना पेपर वाचताना पाहत. समोरच्या टपरीवर केरू चहाचा ग्लास धरून असे.

असे चार दिवस चालले. ११ जानेवारी, शुक्रवार. अकरा वाजून गेले असतील. मी ऑफिसात होतो. आवाज फार मोठा नव्हता, फांदी मोडावी तसा. त्यामागून फुस्स असा लांबलचक आवाज. बाबल्या पोते भिजवून मागच्या बाजूला धावला. त्याने ठरल्या क्रमाने झडप बंद केली, हे त्याच्या नावे लिहायला हवे.

हरिशेट दारातून बाहेर आले ते दोन्ही हात तोंडावर धरून. चौकटीवर आपटले, पडले, उठले, पुन्हा पडले. कोणी पुढे झाले नाही. केरू टपरीवरून उठला, रस्ता ओलांडून फाटकातून आत आला. पळत नव्हता, पण रेंगाळतही नव्हता. त्याने त्यांना बखोटीला धरून हौदापाशी नेले, उताणे झोपवले, पापण्या बोटांनी उघडल्या आणि हौदावरच्या लहान डब्याने डोळ्यांवर पाण्याची धार धरली. मला ओरडून सांगितले, डबे भरून द्या. मी भरून देऊ लागलो. अशा वेळी पंधरा मिनिटे तरी पाणी थांबता कामा नये, हे कारखान्यातल्या सगळ्यांना त्यानेच शिकवले होते.

तिसरा डबा झाल्यावर त्याने धार थांबवली.

हरिशेट तडफडले. "पाणी... केरू, पाणी टाक."

केरू डबा हातात धरून वाकला. "शेट, मी त्या दिवशी दारू प्यालेला व्हतो काय?"

हरिशेट काहीतरी पुटपुटले. भोवती सगळे जमले होते. मी भरलेला डबा पुढे केला. केरूने तो घेतला आणि जमिनीवर ठेवला.

"मला नाय ऐकू आलं."

"नाय," हरिशेट म्हणाले. "नाय प्यालेला. पाणी टाक रे."

"पाना मारला व्हता मी?"

"नाय मारलास. पितळ मी बसवलं. मी बसवलं."

केरूने मान वर केली. सोनूबाई दोन पावलांवर उभी होती. त्याने तिला विचारले, "ऐकलंस काय गो?"

"मोठ्यानं बोलू दे," सोनूबाई म्हणाली. "ह्या बाजूनं मला जरा कमी ऐकू येतं." तिला उत्तम ऐकू येत असे.

हरिशेटनी ओरडून पुन्हा सांगितले. मग केरूने धार धरली. पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास धरली, हात एकदाही न हलवता. सिव्हिल हॉस्पिटलची गाडी येईपर्यंत तो त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसला होता.

त्यांचा डावा डोळा बरा झाला. उजव्याची नजर अधू राहिली. डॉक्टरांना मी विचारले की नुकसान वायूने झाले की मध्ये पाणी थांबल्याने. त्यांना ते सांगता आले नाही. पाणी थांबले होते हे त्यांना मीच सांगितले. पोलीस पंचनाम्याला आले तेव्हा मात्र मी किंवा कोणीही ते सांगितले नाही. हरिशेटनीही नाही. ते त्याच उन्हाळ्यात मुंबईला निघून गेले. मालक स्वतः आले आणि टाकीवर लोखंडी कॉक बसला.

मी मालकांच्या सहीने दुसरे पत्र केले. पहिल्या पत्रातली दोन्ही कारणे खोटी होती, आणि कॉक अमोनियामुळे फुटला, असे त्यात लिहिले. खाली बेहेरे सरांचा अभिप्राय जोडला. ते घेऊन मी केरूबरोबर त्याच्या वाडीत गेलो. विहारात मी ते वाचले. वाचून झाल्यावर केरू म्हणाला, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचले. ज्या म्हाताऱ्याने शिक्क्याची गोष्ट काढली होती त्याच्यापुढे केरूने कागद धरला आणि शिक्क्यावर बोट ठेवले. म्हाताऱ्याने मान खाली घातली. मग मंडळींनी त्याला सेक्रेटरीपद परत देऊ केले. केरूने वडिलांचे नाव घेतले. त्यांना आता कोण वाचून दाखवणार, एवढेच विचारले आणि तो बाहेर पडला. पद त्याने घेतले नाही. कारखान्यातली जागाही नाही. पंप दुरुस्तीवर त्याचे बरे चालले आहे.

परवा तो भाट्याच्या पुलावर भेटला. माझी निवृत्ती जवळ आली आहे, तेव्हा जुने विषय निघाले. मी धीर करून विचारले, त्या दिवशी धार थांबवलीस, शेट बोललेच नसते तर?

तो पुलाच्या कठड्याला टेकून उभा होता. म्हणाला, "मी मनात आकडे मोजत व्हतो, नाना. दहाला बोलला. वीसपर्यंत मोजायचं ठरवलेलं."

वीस झाल्यावर काय करणार होता, ते मी विचारले नाही.